मास्तरांनी हलू न दिलेला अँटेना

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर बसलेले मुख्य अभियंता साहेब आणि कामगार संघटनेचे सरचिटणीस, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे कोनमास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, त्यांच्या शेजारी मास्तरांच्या थोरल्या भगिनी आक्का, आणि जेवणाची वेळ टळत आली तरी अजून खुर्ची न सोडलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी मास्तरांना दीपस्तंभ म्हटलं, वटवृक्ष म्हटलं, एका उत्साही मित्राने महासागरही करून टाकलं. तेव्हापासून मास्तर खुर्चीत अवघडून बसलेत. मी त्यांना माणूसच राहू देणार आहे. मला अलंकारिक बोलता येत नाही आणि मास्तरांना ते ऐकवत नाही, एवढं तरी आमचं जमतं.

हिशेब विभागातली मंडळी आणि घरची मंडळी इथे आहेत, त्यांच्यासाठी आधी ‘कोनमास्तर’ या नावाचा खुलासा करते. मोबाइलच्या टॉवरवरचा अँटेना म्हणजे चौफेर उजेड देणारा दिवा नव्हे. त्याला तोंड असतं आणि ते किती झुकवायचं त्याचा कोन असतो. थोडं खाली झुकवलं की पायथ्याच्या रस्त्याला चांगली रेंज मिळते आणि लांबचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. वर उचललं की उलटं. पूर्वी माणूस पाना घेऊन वर चढायचा, पुढे अँटेनाला छोटी मोटर बसली आणि हे काम ऑफिसच्या खुर्चीत आलं. मास्तरांनी दोन्ही काळ पाहिले. आयुष्यभर कोन बदलले, म्हणून कोनमास्तर. त्यांचं खरं नाव मी पत्रिकेत वाचलं तेव्हा मला वाटलं, आज आणखी कुणी निवृत्त होतंय की काय!

आता माझ्याबद्दल. कानामागून आली आणि तिखट झाली, असं या विभागात माझ्याबद्दल बोललं जायचं, आणि ते खोटं नव्हतं. हा विभाग जे करतो ते एका स्वयंचलित यंत्रणेला शिकवणं हे माझं काम. कुठल्या टॉवरवर गर्दी झाली, कुठे बोलता बोलता फोन तुटतात, हे तिने स्वतः बघायचं आणि कुणाला न विचारता कोन बदलायचा, सिग्नलची ताकद कमी-जास्त करायची. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये मला एकाने विचारलं, “बाई, तुम्ही नक्की किती जणांच्या खुर्च्या उचलणार ते एकदा सांगून टाका.” विचारणारे गृहस्थ आज व्यासपीठावर आहेत. सरचिटणीस साहेब, हसू नका, मला तेव्हा घास गिळवत नव्हता.

मास्तरांनी काय केलं? आपल्या टेबलाशेजारी एक खुर्ची ओढली आणि म्हणाले, “बसा. यंत्राला शिकवण्याआधी तुम्हाला शिकवायला लागणार, असं दिसतंय.”

आमची पहिली चाचणी ज्यांनी पाहिली ते अजून तिची आठवण काढतात. यंत्रणेचे दोन भाग होते. एकाचं काम गर्दी शेजारच्या टॉवरकडे ढकलायचं, दुसऱ्याचं काम तुटणारे फोन वाचवायचं. पहिल्याने माणसं पलीकडे ढकलली, दुसऱ्याला वाटलं तिकडे फोन तुटतील, त्याने परत अलीकडे घेतली. मग पहिल्याने पुन्हा ढकलली. दुपारभर हेच! मी घामाघूम झाले होते. मास्तर चहा पीत पडद्याकडे बघत बसले होते. म्हणाले, “एक म्हणतो खिडकी उघडा, दुसरा म्हणतो वारा लागतो. लग्न लावून टाका यांचं.”

त्यानंतर आम्ही शहाण्यासारखी पद्धत ठरवली. यंत्रणेने बदल सुचवायचा, मास्तरांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं आणि त्यावरून यंत्रणेने शिकायचं. खाण तशी माती! ती इतकी मन लावून शिकली की शुक्रवारी जेवणानंतर काहीही सुचवायची बंद झाली. आम्ही बिघाड शोधत बसलो. बिघाड कसला? सुट्टीच्या तोंडावर कशालाही हात लावायचा नाही, बिघडलं तर निस्तरायला कोण येणार, हा मास्तरांचा रिवाज. तो तिला कुणी सांगितला नव्हता, तिने तो त्यांच्या ‘नाही’वरून उचलला.

यावर आम्ही पोट धरून हसलो. पुढचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

बुटांच्या कारखान्याच्या गच्चीवर आपला एक अँटेना आहे. त्याच्या पायथ्याशी नवा बाजार भरायला लागला आणि तक्रारी सुरू झाल्या. व्यापारी भाव सांगतोय आणि फोन तुटतोय. अँटेना जरा खाली झुकवला की काम झालं, हे इथल्या शिकाऊ मुलीलाही कळलं असतं. पण यंत्रणा आजूबाजूचे सगळे अँटेना हलवी, ताकद बदलून बघे आणि त्या एकाला हात लावत नसे. यंत्रणा बनवणाऱ्यांचा तज्ज्ञ आला, लॅपटॉप उघडून बसला आणि हात टेकून गेला. शेवटी मी मास्तरांची जुनी उत्तरं काढली. त्या अँटेनासाठी ‘खाली झुकवा’ सुचवलं तरी नाही, ‘वर उचला’ सुचवलं तरी नाही, कधीही विचारा, नाहीच. विद्यार्थिनीने गुरूचा हट्ट मुकाट्याने पाठ केला होता.

मी विचारलं. मास्तरांनी ताकास तूर लागू दिली नाही. मी रोज विचारत राहिले, तेव्हा एक दिवस म्हणाले, “जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर चला.”

पाण्याच्या मोठ्या टाकीमागे एक इमारत आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार आक्कांनी उघडलं. आई गेल्यावर मास्तरांना यांनीच वाढवलं. न्हाऊमाखू घातलं, अभ्यासाला बसवलं, बदडलंही, असं त्या अभिमानाने सांगतात. एकट्या राहतात. भावाने घरी चल म्हणून किती विनवण्या केल्या, वहिनींनी केल्या. त्यांचं एकच उत्तर असायचं, “भावाकडे चार दिवस राहिले तर पाहुणी, पाचव्या दिवशी अडगळ.” वहिनी, तुम्ही मान हलवताय, म्हणजे वाक्य मला बरोबर आठवतंय.

त्यांचा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला असायचा. घरात रेंज तेवढ्याच जागी यायची आणि ती यायची बुटांच्या कारखान्यावरून, टाकीच्या डोक्यावरून. अँटेना जरा खाली गेला की टाकी आड येणार, जरा वर गेला की सिग्नल या इमारतीच्या गच्चीवरून निघून जाणार. मास्तर सकाळ-संध्याकाळ फोन करायचे. जेवलीस का, बरी आहेस का. त्या म्हणायच्या, बरी आहे.

आम्ही आत गेलो. आक्कांनी विचारलं, “बरोबर कोण आहे रे, छोट्या?” मी समोरच उभी होते. निवृत्तीला आलेल्या माणसाला कुणी छोट्या म्हणतं, याचीच मला गंमत वाटली आणि बाकी काही सुचलं नाही. त्यांनी चहा केला, एक थेंब न सांडता कपात ओतला.

मला मुत्सद्दीपणा येत नाही. मी चहा घेता घेता त्यांना सगळं सांगून टाकलं. आक्कांनी कप खाली ठेवला.

“म्हणजे माझ्या एका फोनपायी बाजारभरच्या लोकांचे फोन तुटतात?”

“आक्का, तसं नाही...” मास्तर म्हणाले.

“मग कसं?”

मास्तर खिडकीतल्या फोनकडे बघायला लागले.

“आजच्या आज फिरव तो. लोकांच्या शिव्या माझ्या नावावर नकोत.”

“आणि तुला काही झालं तर? मला कळणार कसं?”

“फोन नव्हते तेव्हा माणसं काय मरायची थांबली होती?”

त्याच दुपारी मास्तर स्वतःहून विभागप्रमुखांच्या, म्हणजे आजच्या अध्यक्षांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. अध्यक्षमहोदय, आपण एवढंच विचारलंत, “कधी फिरवताय?” त्याबद्दल या विभागाला आपला आदर आहे. अँटेना खाली आला, बाजार शांत झाला आणि आक्कांच्या खिडकीतला फोन मुका झाला.

इमारतीच्या जिन्यात छोटा अँटेना बसवता येतो, पण त्यासाठी तिथून तक्रारी याव्या लागतात. तिथून कधी तक्रारच आली नव्हती. लोक फोन घेऊन जिना उतरून टाकीपाशी जायचे आणि बोलून परत यायचे, एवढंच. आता आक्कांनी कंबर कसली. भिंतीला हात लावत एकेक मजला चढल्या-उतरल्या आणि दारं ठोठावून सगळ्यांना तक्रार करायला लावली. तरी कामाला काही आठवडे लागलेच.

त्या आठवड्यांत फोन लागत नाही म्हणून मास्तर रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तो जिना चढायला लागले. आधी किती जायचे? महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तेही फळांची पिशवी ठेवून घाईघाईने परत.

एका संध्याकाळी ते गेले तेव्हा आक्का अंधारात बसून भाजी निवडत होत्या. मास्तरांनी ट्यूब लावली. आक्कांनी मान वर केली नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

“आक्का, ट्यूब लावली मी.”

“लावलीस का? बरं.”

मंडळी, आक्कांचे दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. सगळं घर त्या हाताने ओळखत होत्या. माझा चहाही त्यांनी तसाच ओतला होता. डॉक्टरांनी तपासलं. एका डोळ्यात काचबिंदू होता, तो डोळा गेला. दुसऱ्यात मोतीबिंदू होता, त्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. वर्षभर आधी आला असतात तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले. मास्तरांनी आक्कांना विचारलं, “बोलली का नाहीस?” त्या म्हणाल्या, “तू बरी आहेस का विचारायचास, मी बरी आहे म्हणायचे. तुझ्या मागे आणखी एक काळजी कशाला?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मास्तर बेसिनपाशी कप धूत उभे होते. धुतलेलाच कप पुन्हा धूत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, आवाज स्वच्छ यायचा ना, म्हणून गेलो नाही.”

मला फार वाईट वाटलं होतं, एवढं सांगते.

जिन्यातला अँटेना आता बसला आहे. आक्कांच्या घरात कुठेही फोन लागतो. मास्तर तरीही रोज जातात. कारखान्यावरच्या अँटेनाबाबतचा ‘नाही’ आम्ही यंत्रणेला विसरायला लावला आणि पुढल्या महिन्यापासून ती कुणाच्या ‘हो’ची वाट न बघता काम करणार आहे. सरचिटणीस साहेब, खुर्च्या सगळ्या जागेवर आहेत, फक्त त्यांवरची माणसं आता जास्त बाहेर फिरतात. जिथून कधीच तक्रार येत नाही अशा वस्त्यांमध्ये अधूनमधून माणसाने जाऊन यायचं, ही पद्धत मास्तरांनी जाता जाता घालून दिली. सुरुवातीला आम्ही कुरकुरलो. आता जातो.

हे सगळं इथे सांगू का, असं मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, आक्काला विचारा. म्हणून परवा मी तो जिना चढले. आक्कांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “तू एवढी बारीक असशील असं वाटलं नव्हतं.” मग म्हणाल्या, “सांग खुशाल. एकच अट. त्याला रडवायचं नाही. मला आता दिसतं.”

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण पोटात कावळे ओरडत असताना शांतपणे ऐकलंत, मी सर्वांची मनापासून आभारी आहे. मास्तर, तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतलाय आणि आक्का तुमच्याकडेच बघतायत. तेव्हा पहिली क्षमा आक्कांची मागते, अट मोडली. उरलेल्या चुकांची क्षमा आपण सर्वांनी करावी.