तीन बोटं गवत

बदलून टाका म्हणे! काय हो, छत्रीची काडी मोडली तरी माणूस आधी ती दुरुस्त होते का बघतो, आणि इथे हाडामासाचा खेळाडू, गेल्या वर्षी ज्यानं सव्वीस गोल मारले, ज्याला यांनीच खांद्यावर घेऊन अख्ख्या मैदानाला फेरी मारली, माझं नुकतं पाणी मारलेलं गवत तुडवत, त्याचा मला अजून राग आहे, पण ते असो… तर त्याच्याकडून घरच्या मैदानावर अकरा मॅचेस गोल झाला नाही, की लगेच बदलून टाका! आणि हे कोण म्हणतं? न्हावी म्हणतो. माझी अर्धी दाढी करून, वस्तरा हवेत धरून म्हणतो, "काका, तोफ संपली. द्या ती कुणाला तरी, आणि बदल्यात धड माणूस आणा." ज्याला आजवर माझे दोन कल्ले एका उंचीचे ठेवता आले नाहीत तो संघ बांधायला निघालाय! पण गळ्याशी वस्तरा असताना वाद कोण घालणार? आणि घातला असता तरी मला कोण विचारतो? मी आपला गवताचा माणूस.

हो, गवताचा माणूस. तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं मी आमच्या फुटबॉल क्लबाचं मैदान राखतोय. गवत कापायचं, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, आणि त्या रेघांवर उभं राहून गप्पा मारणाऱ्या मोठ्या लोकांकडे बघत दात खायचे. आणि तोफ म्हणजे आमचा सेंटर फॉरवर्ड. नाव आहे त्याला, पण ते त्याच्या आईशिवाय कुणी घेत नाही. सतरा वर्षांचा असताना एक पिशवी आणि एक बुटांचा जोड घेऊन आला, क्लबानं आमच्याच घरी माडीवरच्या खोलीत ठेवला. दोन महिन्यांचा प्रश्न आहे म्हणाले. सात वर्षं झाली! माझ्या बायकोला तर तो आल्यापासून मी दिसेनासाच झालो. त्याचा मोजा हरवला की घर डोक्यावर घेते, माझा चष्मा हरवला तर म्हणते, शोधा. आम्हाला मूलबाळ नाही. आणि मी वरवर कितीही गुरगुरलो तरी जिन्यावर त्याच्या पायांचा आवाज आला नाही तर मला घास जात नाही. हे तुम्हाला सांगितलं, तिला सांगू नका.

आता याचा खेळ कसा? तर साधा. चेंडू हवेत उडवायचा नाही, जमिनीवरून सरपटत आला पाहिजे, आणि तो जिथे येणार तिथे हा आधीच पळत पोहोचलेला असतो. मागच्या वर्षी लोकांना वाटायचं, याला चेंडूचा वास येतो. यंदा काय? हा पोहोचतो, चेंडू पोहोचत नाही! हा पुढे जाऊन उभा, चेंडू मागे रेंगाळतोय, मध्येच समोरचा जाडा येऊन घेऊन जातोय, आणि बाकांवरून ओरडा, "अरे थांब ना! पळतोस काय!" आणि गंमत ऐका, बाहेरगावच्या मैदानांवर हाच माणूस गोल मारतोय! एकाच ठिकाणी दोन मारले! पण आमच्या क्लबात बाहेरचे गोल कुणी मोजत नाही, कारण ते यांनी डोळ्यांनी पाहिलेले नसतात. आमचा कोच म्हणतो, "घरच्या प्रेक्षकांचं दडपण येतंय. मनाचा प्रश्न आहे." मनावर उपाय काय केला? तर त्याच्या कमरेला टायर बांधून पळवला. मन कमरेला असतं हे मला एकवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आमचे अध्यक्ष! यांचा गाद्यांचा कारखाना. गादीवाले म्हणतात त्यांना. दिसेल ती वस्तू पंजानं दाबून बघायची सवय. टेबल दाबतील, भिंत दाबतील, एकदा गोलकीपरचं पोट दाबलं. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी फोटोवाला बोलावला, आणि म्हणाले, "मी स्वतः मैदानावर गवत कापायचं मशीन चालवतोय असा फोटो हवा." म्हटलं, साहेब, त्या मशीनला उंचीचा खटका आहे, तीन खाचा आहेत, तो हळू सरकवायचा. "अहो, मी कारखाना चालवतो!" असं म्हणून असा काही हिसका दिला की खटका वरच्या खाचेत गेला आणि तिथेच अडकून बसला. फोटो मात्र छान आला.

तेव्हापासून दीड बोट कापायचं ते गवत तीन बोटं राहायला लागलं. मी अर्ज दिला. उत्तर आलं, दुरुस्तीसाठी ठराव लागेल. दुसरा अर्ज दिला. ठरावासाठी बैठक लागेल. तिसरा लिहायला घेतला, आणि तेवढ्यात… आता खोटं कशाला बोलू, तेवढ्यात लोक माझ्या गवताचं कौतुक करायला लागले! काय हिरवंगार, काय दाट! गादीवाले तर मैदानात उकिडवे बसले, पंजानं गवत दाबलं आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात माल!" एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाकडे कुणी खाली वाकून पाहिलं. मी काय केलं? तिसरा अर्ज घडी करून खिशात ठेवला. आज सांगतोय कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, नाहीतर सांगितलं नसतं.

एक दिवस तोफ माझ्याजवळ येऊन बसला. मी रेघा ओढत होतो. म्हणाला, "काका, हल्ली चेंडू थोडा थांबतो का हो?" मी केवढ्यांदा खेकसलो त्याच्यावर! चेंडू थांबत नाही, तू थांबतोस, म्हटलं, आणि नाचता येईना म्हणून माझ्या अंगणावर घसरू नकोस! तो हसला. "तसं असेल," म्हणाला, आणि माझ्या हातातली चुन्याची बादली घेऊन कोपऱ्यापर्यंत पोहोचवून गेला. असा बावळट मुलगा. चार शब्द उलट बोलला असता तर माझं डोकं तेव्हाच जागेवर आलं असतं.

शेवटी ते आलं ते बैठकीच्या दिवशी सकाळी. हो, बैठक! मशीनच्या खटक्यासाठी मिळाली नाही ती बैठक तोफेला बदलायला बरोबर मिळाली. पलीकडच्या शहरातल्या क्लबानं निरोप धाडला होता की तुमचा फॉरवर्ड द्या, आमचा एक बचावपटू घ्या. हा तोच क्लब, ज्यांच्या मैदानावर यानं दोन मारले होते. त्यांनी पाहिले होते ना ते गोल! तर मी सकाळी निशाणं लावत होतो, पायाशी एक चेंडू आला, मी तो सवयीनं भांडारखोलीच्या भिंतीकडे लाथाडला. एकवीस वर्षं लाथाडतोय, धप्पकन भिंतीला लागतो. त्या दिवशी अर्ध्यात थांबला. पुन्हा मारला, पुन्हा थांबला. मग भिंतीलगतची पट्टी, जिथे मशीन जात नाही आणि मी हातानं कात्रीनं कापतो, तिथून मारला. गेला की सरळ! मी तिथेच खाली बसलो. गवतात बोटं खुपसली. एक, दोन, तीन.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग सांगा की जाऊन. त्यात काय एवढं?" काय एवढं! हिला काय जातंय? पण म्हटलं सांगतो. आमच्या बैठकीत मला खुर्च्या मांडायला बोलावतात आणि मग हाकलायचं विसरतात, तेव्हा मी आत होतोच. कोच उठला, मनावर बोलला. दुसरे एक उठले, ते न्हाव्याचंच बोलले, बहुतेक त्याच खुर्चीत बसून आले होते. मी घसा खाकरला. आणि तेवढ्यात गादीवाले म्हणाले, "या क्लबात यंदा एकच गोष्ट धड चालली आहे, ती म्हणजे गवत. टाळ्या!" आणि वाजवल्या हो सगळ्यांनी टाळ्या! कोचनंही! आता सांगा, टाळ्या चालू असताना माणूस कसं म्हणेल, की थांबा, त्या गवतानंच घात केलाय?

मग गादीवाल्यांनी दाराशी उभ्या केलेल्या तोफेला विचारलं, "तुझी काही तक्रार? बूट, मैदान, काही?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीच्या पायाकडे पाहिलं. तो म्हणाला, "नाही साहेब. गवत तर फारच छान आहे." झालं! हात वर गेले आणि एका मिनिटात माझ्या माडीवरची खोली रिकामी झाली. बायकोनं विचारलं, "सांगितलंत?" मी म्हटलं, विषयच निघाला नाही. आणि मनात म्हटलं, पोरगं मूर्ख आहे, स्वतःची बाजूसुद्धा मांडता येत नाही. आणि मी मांडली असती तरी कोण ऐकणार होतं? मी आपला गवताचा माणूस.

आता बदल्यात काय आलं ते ऐका. एक बचावपटू, ज्याचा उजवा गुडघा वळत नाही आणि डावा सुजलेला असतो. आणि त्याच्याबरोबर त्यांचं वापरलेलं गवत कापायचं मशीन! गादीवाले माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुमचे अर्ज विसरलो नव्हतो. खास तुमच्यासाठी मागून घेतलं!" खटका कसा, तर लोण्यासारखा. मी कापलं दीड बोट. चेंडू असा पळायला लागला की काय सांगू… आणि त्याच्यामागे पळायला कोणी नाही. आमचे बाकीचे दहा जण वर्षभर चेंडूची वाट बघायला शिकलेले, चेंडू यांच्या नाकासमोरून जातो आणि हे मान वळवून त्याला निरोप देतात. पाच मॅचेस हरलो. आणि तिकडे तोफेनं पाच मॅचेसमध्ये सात मारले. न्हावी मला म्हणतो, "मी तेव्हाच म्हटलं होतं, सोडू नका."

मग पुन्हा बैठक. विषय पहिला, गवत पातळ झाल्यामुळे संघ हरतोय. या वेळी मात्र मी उठलो. सगळं सांगितलं. खटका, फोटो, तीन बोटं, भिंत, टाळ्या, सगळं. गादीवाल्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्वतःला फार समजता हो तुम्ही. गवतानं कधी गोल अडवलाय का?" आणि त्याच दमात, तुम्हाला सांगतो, त्याच दमात ठराव केला की गवत खराब केल्याबद्दल या माणसाला बदलून टाकावा! कुठे? तर त्याच क्लबाकडे विचारा, त्यांचा गवतवाला इकडे, आमचा तिकडे. हात वर करा म्हणाले. सगळ्यांत आधी कुणाचा गेला? माझा! अहो, तिकडे तोफ आहे!

बायको नाचतच माडीवर ट्रंक आणायला गेली, आणि खाली आली ती ट्रंक न घेता. तिच्या हातात त्याचा एक जुना बूट होता, पलंगाखाली राहिलेला. तिनं तो माझ्यासमोर ठेवला. बुटाच्या बाजूला पेनानं दोन रेघा. खालच्या रेघेवर लिहिलंय, मागचं वर्ष. दीड बोट वर दुसरी रेघ, तिच्यावर लिहिलंय, यंदा. आणि तिच्यापुढे बारीक बारीक फुल्या. मी मोजल्या. अकरा. म्हणजे हा दर मॅचला बूट गवतात टेकवून बघत होता. त्याला सगळं माहीत होतं. बैठकीत त्यानं एक वाक्य बोलायचं होतं, आणि तो म्हणाला, गवत फारच छान आहे. मी त्याला मूर्ख म्हणत होतो ना? मला त्या दिवशी रडू आलं. बायको म्हणाली, "आता पुसा डोळे, बुटावर पडतंय."

चार दिवसांनी तिकडून पत्र आलं. गादीवाल्यांनी मोठ्यानं वाचलं. "आपला प्रस्ताव मिळाला. आमचा एक खेळाडू सात वर्षं या गृहस्थांकडे राहिलेला असल्यामुळे आम्ही त्यालाच विचारलं. तो म्हणाला, काकांना जरूर आणा, माझ्याकडे राहायला आणा. पण मशीनला हात लावू देऊ नका." सगळे हसले. मीही हसलो, करणार काय? अख्ख्या हंगामात एका तरी क्लबानं बरोबर माणसाला विचारलं म्हणायचं.

तर असं. बदलून टाका म्हणे… झालो की बदलून! काम सोडलं, ट्रंक उचलली, आता दोघं त्याच्याकडे राहतो. ती त्याचे मोजे शोधते. मी माडीवरच्या खिडकीत बसतो, समोर त्यांचं मैदान दिसतं. डाव्या कोपऱ्यात गवत जरा वाढलंय, अडीच बोटं तरी असेल, मला इथून दिसतंय, त्यांच्या त्या गाढव गवतवाल्याला तिथे उभं राहून दिसत नाही. पण मला कोण विचारतो? मी आपला वरच्या खोलीतला माणूस.