‘ण’चा ‘न’

नाही हो जावईबापू, तक्रार कशाची करू — तुम्ही मशीनमध्ये बसवून दिलेला नवा आवाज गोडच आहे — पण मला तो जुना परत घालून द्या. तो नाकातला, दात पडल्यासारखा. का म्हणजे? बसा आधी. त्या खुर्चीवर नको, तिथे यांची औषधं आहेत, इकडे पलंगाजवळ बसा. यांना ऐकू येतं सगळं. पुतणीचा नवरा आलाय, कळलंय यांना. कळलंय ना हो? — कळलंय.

झटका आला तेव्हा वाचा गेली, हातपाय गेले, उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली या माणसानं, आणि आता नजरही ठरत नाही. म्हटलं, पुस्तकं ऐकवू. मी वाचायला घेतलं की डोळे मिटून घ्यायचे — माझं वाचन! मग तुम्ही ते सॉफ्टवेअर दिलंत, फुकटातलं, कुणीही घ्या, कुणीही बदला — भलं होवो बाई त्या लोकांचं — इकडून पुस्तकाची फाइल घालायची, तिकडून आवाज काढायचा. शिकले मी या वयात. पहिलंच पुस्तक लढाईचं. फाइल जुन्या पानांच्या फोटोंवरून केलेली, ‘रवाना’तला र आणि व चिकटून त्याचा ख झालेला. मशीन खणखणीत म्हणालं, ‘सैन्य पहाटे खाना झाले.’ मी हसतेय, तर — टक. पलंगाच्या दांडीवर. बोट! ‘चूक’ म्हणताना चहातला च काढला — टक. वाक्याच्या मध्येच पानाचा आकडा ओरडलं — टक टक, चिडून. डॉक्टर म्हणाले, काकू, आत काही उरलेलं नाही, बोट आपोआप हलतं. आपोआप? आपोआप हलणाऱ्या बोटाला ‘रवाना’ कसं कळतं हो? दीर म्हणतात, आजारी माणसं सांभाळणाऱ्या संस्थेत पाठवा, नुसता देह उरलाय. मी म्हटलं, देह प्रुफं तपासतो का? तेव्हा निघून गेले. आता परत येणार आहेत, डॉक्टरांना घेऊन, बघायला.

आणि तुम्ही नवा आवाज घातलात. फाइलसुद्धा साफ करून दिलीत, तुमचा हेतू चांगलाच होता. चुका संपल्या — बोट थांबलं. साहजिकच आहे, चूकच नाही तर माणूस दाखवणार काय? आपण कामावरून काढलं यांना! म्हणून, हसू नका, मीच फाइलमध्ये चुका पेरायला लागले. शब्द गाळले, मामाच्या जागी काका केला. काही नाही. मग म्हटलं, हुकमाचं पान काढू. तुम्हाला ठाऊक नसेल, माझ्या माहेरी ण नव्हताच. पानी, लोनी, कोनी. लग्न ठरल्यावर मी यांना पत्र लिहिलं, ते लाल शाईनं दुरुस्त होऊन परत आलं! पुढे जन्मभर तेच. जेवताना, भांडताना, अहो बाळंतपणात मी पानी पानी करतेय आणि हे दारातून — ‘पाणी म्हण, पाणी.’ तळपायाची आग मस्तकात जायची माझी. पण बोलायला शिकले. तर एका कादंबरीतला एकूण एक ण काढून मी न घातला. मशीन माझ्या माहेरचं बोलायला लागलं. काल ऐकवलं, हात नीट दांडीवर ठेवून.

नाही. नाही हललं.

त्या आवाजाचाच दोष आहे तो. गोड आवाजातल्या चुका कोणाच्या लक्षात येतात? जुन्या आवाजात बघा कसे खवळतात. झाला घालून? लावा. तेच पान लावा. थांबा, यांचं बोट — हं. मोठ्यानं करा.

हे बघा, आलं — ‘कोनी’. आता ‘लोनी’ येईल. आलं. अहो, ऐकताय ना? … तुम्ही नका बोलू मध्ये, त्यांचं लक्ष जातं. थोडा वेळ लागतो त्यांना. पूर्वीही लागायचा.

…बंद करा ते. बंद करा म्हणते ना.

अहो. मी बोलतेय. पानी देऊ? पानी हवंय का थोडं? … पानी. अहो, पानी म्हनतेय मी, पानी — ऐकवतं कसं तुम्हाला?

तुम्ही निघा, जावईबापू. काही झालेलं नाही. दिरांना काही सांगू नका. जाताना दार ओढून घ्या.

अहो… पानी.