काकडीची चाचणी

जयसिंग : झालं का न्हाई अजून? सकाळधरनं पेटी उघडून बसलाय तुमी. पत्र्याची प्रेस गार पडली माझी.

निषाद : प्रेसला काही झालेलं नाही, जयसिंगराव. हात आत गेला की प्रेस थांबवतो तो सेन्सरचा किरणांचा पडदा, कॉम्प्युटर त्याला ओळखत नाहीये.

जयसिंग : काल तर ओळखत होता. रात्रीतनं भांडण झालं व्हय दोघांचं?

निषाद : काल आमच्या ऑफिसमधून अपडेट टाकलाय. त्यात लिनक्सचा कर्नल बदलला.

ज्ञानदेव : कर्नल म्हंजी काय ओ, साहेब?

निषाद : कॉम्प्युटरचा गाभा, काका. बाकी सगळं त्याच्यावर चालतं. तुमचा हात डायच्या साच्यात आहे, हे पडदा एका कार्डाला सांगतो. ते कार्ड वाचायला एक छोटा प्रोग्राम लागतो, मॉड्यूल. हे मॉड्यूल जुन्या गाभ्याच्या मापाचं आहे. नवा गाभा म्हणतोय, तुझं व्हर्जन माझ्याशी जुळत नाही, तुला आत घेणार नाही.

ज्ञानदेव : दुसऱ्या प्रेसचा डाय ह्या प्रेसवर चढवल्यागत.

निषाद : हो. तसंच.

जयसिंग : मग जुना गाभा घाला की परत.

निषाद : तो अपडेटमध्ये पुसला गेला. डिस्कवर जागा नव्हती.

जयसिंग : नवं मॉड्यूल करा.

निषाद : ते कार्डवाल्या कंपनीलाच करता येतं. मेल केलाय. आठवडा म्हणतायत.

जयसिंग : आठवडा! अहो पाव्हणं, संध्याकाळी चाकणची गाडी येऊन दारात उभी ऱ्हाईल. ड्रायव्हरच्या हातात काय देऊ, तुमचा मेल? आत्ताच बोललोय मी तुमच्या साहेबांशी. ते म्हणले, निषादला सांगा, फोर्स मार. बसतंय म्हणले.

निषाद : बसतं. व्हर्जन बघू नको, घे आत, असं सांगता येतं. पण बसलं म्हणजे बरोबर चाललं, असं नाही.

जयसिंग : साहेब तुमचे मोठे का तुमी?

निषाद : ते ऑफिसात आहेत.

जयसिंग : आणि तुमी हितं हायसा. मारा फोर्स.

निषाद : थेट जोडता नाही का येणार? पडद्याची वायर सरळ प्रेसच्या क्लचला? कॉम्प्युटर मध्ये नकोच.

ज्ञानदेव : आदी तसंच हुतं. भिकूची दोन बोटं गेली तवा पडदा आला, तो थेट क्लचलाच हुता.

जयसिंग : आणि माशी बसली तरी प्रेस बंद पडायची, ते सांग की. म्हणून तर कॉम्प्युटर आणला. थेट जोडणीचा जुना रिले भंगारात गेला. मारताय ना?

निषाद : मारतोय. ...घेतलं आत.

जयसिंग : हे बघा! हिरवा दिवा. एवढ्यासाठी आख्खी सकाळ घातली राव. चल ज्ञानदेव, बस.

ज्ञानदेव : थांबा दादा. काकडी.

निषाद : काय?

ज्ञानदेव : पडद्याला कुणी हात लावला की पयली काकडी घालायची, मग माणसाचा हात. भिकूनंच पाडलीय रीत. काडी घातली तर मोडून डायमंदी अडकती. काकडी बोटागत असती, चेचली तर कळतंय. बायको डब्यात एक जास्तीची देती.

जयसिंग : काकडीची पूजा घाल तिथं, नारळ फोड. घाल बाबा, घाल एकदाची.

(ज्ञानदेव पॅडल दाबतो आणि काकडी डायमध्ये सरकवतो. वरून येणारा पंच अर्ध्यात थांबतो. तो पुन्हा सरकवतो. पंच पुन्हा थांबतो. काकडीवर ओरखडाही नाही.)

जयसिंग : झालं समाधान? आता खाऊन टाक ती.

ज्ञानदेव : साहेब, तुमी हात घाला.

निषाद : मी?

जयसिंग : अरं, त्यांचं काम हाय का ते?

ज्ञानदेव : माल घालाय न्हाई म्हणत. नुसता हात. पॅडल मी दाबतो. पडदा त्यांनी चालू केलाय, एकदा घालून दावावा.

निषाद : नको, काका.

ज्ञानदेव : काकडी तर साबूत ऱ्हायली की.

निषाद : राहिली. पुढच्या वेळी राहील, हे मला सांगता येत नाही. जुन्या गाभ्यात जी गोष्ट एका जागी होती, ती नव्यात दुसरीकडे असू शकते. मॉड्यूल जुन्याच जागी बघणार. दिवसभर नीट चालेल. एखाद्या वेळी मागचंच उत्तर देईल, डाय मोकळा आहे म्हणून. आणि दिवा तेव्हाही हिरवाच असेल.

जयसिंग : च्यायला, तुमी दुरुस्त कराय आलाय का माझी माणसं भडकवाय?

निषाद : मी काढून टाकतो ते. प्रेस बंद ठेवा.

जयसिंग : काढा की. तुमी फाटकातनं भायेर पडला की मी वायरमनला बोलावून पडदाच बायपास करतो. माझ्या चुलत्याच्या टायमाला पडदा हुता का हितं? ह्याच शेडमधनं माल जात हुता. आणि ज्ञानदेवाला भ्या वाटत असंल तर त्यानं घरला पौडची यष्टी धरावी. सुलक्षणा मोकळीच हाय पॅकिंगला. तिला बसवतो.

ज्ञानदेव : तिला सांगणार का, पडदा खोटा हाय म्हणून?

जयसिंग : खोटा कुटं हाय? दिवा बघ की.

ज्ञानदेव : तेच म्हणतुया. ती दिवा बघून हात घालती.

जयसिंग : मग काय डोळं मिटून घालायचा?

ज्ञानदेव : तिला उठवू नका. मी बसतो.

निषाद : काका, कशाला?

ज्ञानदेव : मला ठावं हाय दिव्याचं. तिला न्हाई. दादा, आजच्या दिस चिमट्यानं माल घालतो.

जयसिंग : चिमट्यानं निम्मा बी निघायचा न्हाई. गाडी काय तुझ्या चिमट्यासाठी थांबती?

ज्ञानदेव : बरं.

निषाद : जयसिंगराव, निदान दिव्यावर चिकटपट्टी लावतो. कुणी चुकून त्याच्याकडे बघून...

जयसिंग : पट्टी नको. कस्टमरचा माणूस कवाबी टपकतो, त्याला पयला दिवा दिसाय पायजे. झाकण लावा पेटीला आणि चहा घेऊन निघा. साहेबांना सांगा, लई चांगला माणूस पाठवला, जरा बोलतो जास्त. मी हाय भायेर, गाडीला फोन लावतो.

निषाद : गेले ते. काका, उठा तुम्ही. मी आत्ता पेटी बंद करून कुलूप लावतो, चावी घेऊन जातो मारुंजीला, ऑफिसात.

ज्ञानदेव : आणि उद्याच्याला दुसरा येईल, कुलूप तोडंल. त्यो सांगंल का मला, तुमी सांगितलं ते?

निषाद : मी तक्रार करतो. तुम्हीही करा. पडद्याशिवाय प्रेस चालवता येत नाही, कायदा आहे.

ज्ञानदेव : करा. माझं नाव बी घाला. आता पडद्यात काय बिघडलं तर दिवा काय दावंल म्हणला?

निषाद : हिरवाच.

ज्ञानदेव : आवाज? प्रेसचा आवाज बदलंल का?

निषाद : नाही. काहीच कळणार नाही.

ज्ञानदेव : बरं झालं इचारलं. म्हंजी कान लावून बसाय नको. ही काकडी घ्या, खा. सकाळपासनं उपाशी हायसा.

निषाद : नको मला.

ज्ञानदेव : ऱ्हाऊ द्या मग तितंच. जरा सरका, पत्र्याचे तुकडे ह्या अंगाला घेतो.

निषाद : तिकडे का? सगळा माल उजवीकडे लावलाय ना तुम्ही?

ज्ञानदेव : व्हय. आता डावीकडं घेतो.

निषाद : डावखुरे आहात?

ज्ञानदेव : न्हाई.

निषाद : मग डाव्या हातानं कशाला घालताय? सवय नाही, उलट जास्तच...

ज्ञानदेव : व्हईल सवय.

निषाद : काका.

ज्ञानदेव : उजव्यानं जेवतो, साहेब.