रिकामी थाळी

हॅलो? हाव भाऊजी, बोला… पोचले खामगावात? … काय? जोरात बोला, तिथं लय गलका हाय… मोटर? हाव, चालू हाय ना. आत्ताच लाइन आली, अन् तुमी स्टार्टर ऑटोवर टाकून गेलते. बांधावर आवाज येऊन राह्यला. काऊन एवढे घाबरले?

… गोळे? कायचे गोळे?

… रानडुकरांसाठी? पाटाच्या कडेले… कणकेत औषध घालून. अन् मले आता सांगून राह्यले तुमी?

… बकऱ्या कुठी बांधल्या! चरायले सोडल्या. अकराच्या अकरा. थांबा, थाळी वाजवते. फोन ठेवू नका.

आ ये ये! चांदे! आ ये!

… ऐकू येते हो तिले. कान हलवला अन् पाटाकडंच चालली. … हाव, आधी यायच्या ना सगळ्या! तवा थाळीत सरकीची ढेप राहे. मग मी शहाणी, रिकामीच वाजवू लागली. येतातच तर ढेप कायले घालवा! आधी दोघी तुमच्या मोटरीकडं जाऊ लागल्या. मग पाच. आता आठ. मोटर वाजली का पाटाले पाणी येतेच, भाऊजी. मोटर कधी खोटं बोलली नाही. मायी थाळी रोज बोलली.

… मी कुठं रागावून राह्यली? आ ये ये! … तीन वळल्या. भुरी, लंगडी, अन् लंगडीची पोर, थे लहानी पाठ. लंगडीले तिकडं कोणी तोंड घालू देत नाही, म्हणून थे मायाकडं येते बिचारी.

… पळू? अन् ह्या तिघी मायामागंच येतील ना पाटावर!

मोबाइलवरून बंद होते ना तुमची मोटर? मग करा की! … हाव, ठेवा ना मग फोन! …

थांबा.

… काही नाही. चांदीनं तोंड घातलं. दिसते मले इथून, चघळून राह्यली. … तिच्या बाजूले बाकीच्या बी.

… रडू नका हो बाजारात, लोक पाहतात. तुमी मुद्दाम थोडंच केलं.

आता ठेवते. मोटर तेवढी बंद करा. … नाही, पाटावर मग जाते. आधी मायी भाकर थाळीत कुस्करते. तिघी कवाच्या रिकामी थाळी चाटून राह्यल्या.