वारा घरी यायची वेळ

हसा राव, पण आगपेटी हातात घेतली की मला आजही ठमामावशी आठवते.

नव्वदच्या दशकात मी नाणेघाटाकडच्या एका वाडीवर मास्तर होतो. शाळा डोंगराच्या उतारावर, तिच्या खालीच मावशीचं गवतानं शाकारलेलं घर. एकदा शाळेपुढं वाळल्या पाल्याचा ढीग लावला होता. दिवसभर वारा डोंगर चढत होता, दिवस बुडता बुडता तो पडला, म्हणून मी काडी लावली.

खालून मावशी ओरडली, "मास्तर, इझवा! वारा घरी यायची येळ झाली!"

मला वाटलं, वारा म्हणजे तिचा बैल. म्हटलं, "येऊ द्या की! हाकलतो बाजूला."

ती हंडा घेऊन धावत आली आणि ढिगावर रिकामा केला. निम्मा माझ्यावर.

पाच मिनिटांत वरून असा थंडगार झोत उतरला, की जळकी पानं थेट तिच्या छपरावर! विझलेली होती म्हणून घर राहिलं.

"दिवसा वर चरायला जातो, रातचा खाली येतो," मावशी म्हणाली. "गुरावानीच हाय त्यो."

अजून दर दिवाळीला फराळ घेऊन जातो. पाया पडलो की डोक्यावर हात ठेवून विचारते, "मास्तर, वारा हाकलाया आला का?"