अक्कांचं रसम

चेन्नईला बदली झाल्यावर आमच्या ह्यांनी एग्मोरमधल्या सगळ्या खानावळी पालथ्या घातल्या आणि शेवटी अक्कांच्या मेसवर येऊन थांबले. तेव्हापासून घरात माझ्या ताटावर बसून एकच पालुपद, "अक्कांचं रसम एकदा प्यायला हवंस तू."

ऐकून ऐकून माझ्या पोटात दुखायला लागलं. म्हटलं, बघूनच येऊ कोण ही अक्का. एका दुपारी ह्यांना न सांगता गेले. साठीच्या बाई, तंजावरकडच्या मराठी. रसम प्याले आणि आणखीच चिडले, कारण ते खरंच चांगलं होतं. निघताना मी ह्यांचं नाव सांगितलं, तशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे ती तूच," अक्का म्हणाल्या. "जेवायचं माझ्याकडे आणि गुण गायचे तुझ्या पिठल्याचे. रोज. मला तर तुझा रागच आला होता."

घरी त्या पिठल्याबद्दल आजवर चकार शब्द काढला नव्हता माणसानं. संध्याकाळी मी मुद्दाम पिठलं केलं. ह्यांनी बोटं चाटत खाल्लं. मी समोर वाट बघत उभी.

"ह्याच्यासोबत ना," हे म्हणाले, "अक्कांचं रसम पाहिजे होतं."