चटईला वळसा

—अगं, जागा नाही असं कुठे म्हणतेय मी? जागा भरपूर आहे, रुमाना. मी एवढंच म्हणतेय की हिबासाठी तू आणखी एक-दोन ठिकाणं बघ. आधी टेक तर खरी, उभी का? आणि जरा हळू बोलू, आत वर्ग चालू आहे. विचुंब्याला ती नवीन निघालीय, बंगल्यातली, मागे चिकूची झाडं आहेत — बघितलीस? मग? वॉल्डॉर्फवाले ते. सात वर्षांपर्यंत अक्षर म्हणून दाखवत नाहीत, प्लास्टिक नाही, टीव्हीचं नाव नाही, बाई कणीक मळते, तिचं बघून मुलं मळतात — हसू नकोस, मला पटतं ते. नाहीतर मग कामोठ्याची बघ, रेज्जिओवाली. तिथे मुलानं विचारलं की गांडूळ कुठे झोपतं, तर सगळा वर्ग पुढे कितीतरी दिवस गांडुळाच्या मागे. काढलेली चित्रं, बोललेलं वाक्य न् वाक्य भिंतीवर. हिबा बडबडी आहे, तिला मानवेल. वसुंधराताईंनी पाठवलं म्हण, ओळखतात मला. — आता तुझ्या मनात काय आलं सांगू? ही बाई स्वतःची शाळा सोडून दुसऱ्यांची जाहिरात का करतेय. तेच ना? बरोबर आहे. कुणालाही वाटेल.

तू इथेच का आलीस ते कळतं मला. तुझा अदीब इथे होता म्हणून. पण तेच तर म्हणतेय मी — अदीब मॉन्टेसरीचा होता गं. काही मुलं असतातच तशी. आला, चटई घेतली, अंथरली, ठोकळे आणले, बसला. दोन्ही पाय मागे मुडपून आणि जीभ थोडी बाहेर. शेजारी कुणी रडलं तरी याचं लक्ष नाही. आमच्यात तसंच शिकवतात, तुला माहीतच आहे — एकाच्या चटईवर दुसऱ्यानं पाय द्यायचा नाही, कामात असलेल्या मुलाला हाक मारायची नाही, अगदी कौतुक करायलासुद्धा नाही. चुकलं तर ठोकळाच सांगतो, मनोरा पडतो, बाईनं सांगायची गरज नाही. अदीबला हे इतकं भावलं होतं. हिबा तशी नसेलही. म्हणजे तुझं पोर आहे, तुला जास्त माहीत. मी आपली एकदाच बघितली तिला, आत्ता, चपला काढताना. बसून काढल्या तिनं. पाय मागे मुडपून. — पाणी घेतेस का?

मला कसं माहीत म्हणजे? बाकीच्या पद्धती मी करून बघितल्यात की इथे. हो, आतल्या ह्याच वर्गात. सगळे हसले मला, वीस-बावीस वर्षं मॉन्टेसरी केलेली बाई म्हातारपणी एकदम भिंतींना पीचचा रंग काय मारते, ठोकळे माळ्यावर काय टाकते. आधी वॉल्डॉर्फ केलं. नाक-डोळे नसलेल्या बाहुल्या शिवल्या, म्हणजे मुलानं हवा तो चेहरा मनानं लावायचा. त्यांच्यात ठरल्या वारी पाव भाजतात, मी म्हटलं आपल्याकडे पाव कशाला, तांदळाच्या भाकऱ्या थापू. तेवढं फार छान झालं ते, मैनानं शिकवल्या मुलांना — आमच्याकडे कामाला आहे ना, ती मैना. आणि फेर. सकाळी सगळ्यांनी हात धरायचे आणि गाणं म्हणत गोल फिरायचं. आता फेर म्हणजे गोल, हो की नाही? आमचा गोल व्हायचा नाही. खिडकीच्या बाजूला त्याला पोट यायचं. मुलं तिथे आली की बाहेरून जायची, हात ताणून, एकमेकांना ओढत, आणि पुढे गेली की परत गोल. मी मध्ये उभी राहून म्हणायची, सरळ या रे, मोकळी आहे जागा. हो ताई म्हणायची आणि परत तिथे पोट. — काही नाही. लहान मुलं म्हणजे, काहीही करतात.

का बदललं? अगं, बदल नको का माणसाला. — बरं. सांगते. तू असं बघू नकोस माझ्याकडे. त्या दिवशी तुमचा रिक्षावाला लवकर आला होता, आठवतं? दारातूनच ओरडला, ताई, आज पोरांना बिगीनं सोडा, आमाला पलस्प्याला जायाचं हाय. खिडकीपाशी अदीबचा गुलाबी मनोरा अर्धा चढला होता. तो काही उठेना. माझं झालं नाही म्हणाला. मग मी आमच्या पद्धतीनं केलं, त्यात विशेष काही नाही, रोज कुणा ना कुणाचं असतं — त्याच्या नावाची चिठ्ठी चटईवर ठेवली आणि म्हटलं, अदीब, असंच राहील हे, तू आलास की पुढचं कर, तोवर कुणी हात लावणार नाही. वर्गालाही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तोही खूश होऊन गेला. आणि रात्री त्याला ताप भरला. पुढचं तुला मी काय सांगायचं.

मी आले होते तुमच्याकडे. किती बायका होत्या. तुझ्या सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या, तू भिंतीशी, हिबा मांडीवर, इतकीशी. मला सांगायचं होतं तुला की त्याचं काम ठेवलंय मी. अशा वेळी कुणी कुणाला ठोकळ्यांचं सांगतं का. मग परत आले ती इथेच आले, वर्गात. आता उचलावं म्हटलं. मैनाला सांगितलं तर ती म्हणाली, मी नाय उचलत, तुमीच कबूल केलंय त्याला, तुमीच उचला. आणि मला उचलवेना. तशीच राहिली चटई. मुलं बाजूनं जायची-यायची, मैना भोवतीनं पुसायची. शनिवारी मी एकेक ठोकळा उचलून धूळ पुसायची आणि होता तसाच परत ठेवायची, सगळ्यात वरचा जरासा वाकडा होता, तोही वाकडाच. — तुला वाटेल म्हातारी चळली. वाटू दे. मग एक दिवस मीच म्हटलं, वसुंधरा, आता हे बरं नाही. म्हणून तो रंग, त्या बाहुल्या, तो फेर. पद्धतच बदलली की चटई ठेवायचं कारणच उरत नाही, नाही का? फार विचार करून काढला होता मार्ग, तेव्हा कुठे चटई उचलली.

आणि तुला सांगू, फेरात होती ती त्याच्या वेळची मुलं नव्हती गं. ती कधीच पहिलीत गेली. ही नंतर आलेली. ह्यांनी अदीबला पाहिलेलं नाही, ती चटई पाहिलेली नाही, कुणी त्यांना एक अक्षर सांगितलेलं नाही. मैनाला मी शपथ घालून विचारलं. तर ह्यांना कुणी सांगितलं तिथून जाऊ नका म्हणून? मला वाटलं, आपणच नकळत वळसा घालत असू, आपलं बघून मुलं करतात, वॉल्डॉर्फवाले तेच तर सांगतात, मूल नक्कल करतं. म्हणून मी मुद्दाम त्या जागेवरून चालले. म्हणजे चालायला गेले. पाय उचलेना माझा. मग त्या पद्धतीचाच राग आला मला आणि रेज्जिओ आणलं. मुलं जे विचारतील तो विषय, आपण फक्त ऐकायचं आणि लिहून भिंतीला लावायचं. मुलांनीच विषय काढला, आपली खोली. मोठा कागद अंथरला, सगळ्यांनी मिळून खोली काढली, दार, खिडकी, मैनाची बादली. सगळं रंगवलं आणि खिडकीपाशी कागद कोरा. आमची आभा आहे, चिमुरडी, तिला विचारलं, इथे काय आहे गं? म्हणाली, इथे काम चाललंय. कुणाचं? ते नाही माहीत, म्हणाली, त्याचं अजून झालं नाहीये. — मी ते भिंतीवर नाही लावलं. माळ्यावरून ठोकळे काढले, चटई परत घातली, मनोरा होता तसा अर्धाच रचला, चिठ्ठी ठेवली. म्हटलं निदान दिसणाऱ्या चटईला तरी वळसा घालतील.

तर अशी आहे माझी शाळा. तुम्ही आया येता, मोबाइलवर वाचून येता, ही पद्धत बरी का ती बरी. तिन्ही एकच सांगतात गं शेवटी, मुलाच्या मागून चाला, मूल नेईल तिकडे जा. आयुष्यभर हेच केलं मी. पण कुठपर्यंत जायचं, ते कुणी सांगत नाही. खरं सांगते तुला, मला हिबा नकोय इथे. ती गोड आहे, त्याचं काही नाही. पण बाकीची वळसा घालतात आणि ती घालणार नाही, चपला काढताना बघितलं तेव्हाच मला कळलं ते. ती सरळ जाऊन बसेल. मग माझ्याजवळ काय राहील? तू म्हणशील, मुलगा माझा गेला, ही कोण? बरोबर आहे, मी कुणी नाही. तुझ्याकडे त्याचे कपडे असतील, फोटो असतील. माझ्याकडे त्याला दिलेला एक शब्द आहे फक्त, आणि तो पाळत बसलेय मी.

हिबा कुठे आहे? आत्ता इथे होती ना, तुझ्या ओढणीशी — मैनानं आत नेली का? थांब, उठू नकोस. हाक नको मारूस, रुमाना. इथून दिसतंय सगळं, दार अर्धं उघडं आहे. बसलीय. हो, तिथेच. — नाही, बोलवत नाही मी तिला. बोलावता येत नाही, कामाला बसलेल्या मुलाला नाही बोलावता येत. चढवत नाहीये ती मनोरा. उतरवतेय. वरचा काढला. एकेक करून फळीवर नेऊन ठेवतेय, बघ, मोठा ठोकळा दोन्ही हातांनी पोटाशी धरून — हे कुणी शिकवलं हिला? तू? तुला कुणी दाखवलं? — अदीब करायचा घरी? उशांचा? आणि तुला म्हणायचा, अम्मी, खेळून झालं की नेऊन ठेवायचं — बोलला नाही कधी मला. घरी अम्मीला शिकवतो हे कधी बोलला नाही.

रडू नकोस. नाहीतर रड, पण आवाज नको. शेवटचा राहिलाय. ठेवला. आता चटई गुंडाळतेय, बघ, कडा जुळवून, त्याच्यासारखी. चिठ्ठी दिली मैनाच्या हातात. मैना माझ्याकडे बघतेय — असू दे, मैना. — आभा उठली. पाणी प्यायला निघाली वाटतं. खिडकीकडून. सरळ गेली गं. तिथून सरळ चालत गेली.

तू जा आता, रुमाना. तिला घे आणि जा. सोमवारी आण, घेते मी तिला, का नाही घेणार? पण आत्ता जा. मला आत बसायचंय जरा, मुलांत. नाही, खुर्ची नको. जा म्हटलं ना.